वाटाण्याच्या अक्षता आणि आपली तूर



एरवी इथं पेरणी, फवारणी आणि बाजाराच्या नोंदी असतात. आज वाटाण्याचा इतिहास लिहितोय. थोडं लांबेल, पण तूर नाहीतर हरभरा विकणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. तुम्ही म्हणाल, वाटाणा आपण पिकवत नाही, मग आपल्याला काय? तेच सांगायचंय. आपण जो पिकवत नाही तो वाटाणा आपल्या तुरीचा आणि हरभऱ्याचा भाव पाडतो. आणि तो कधी पाडणार, हे पावसावर नाही, दिल्लीच्या कागदावर ठरतं.

एक नाव, वाटाणे निराळे

आधी एक घोळ मिटवू. वाशीच्या भाजी मार्केटात शेंगा येतात तो मटार. पावसाळ्यात तो पुरंदर-सासवडकडून येतो, थंडीत जबलपूरकडून आणि उत्तरेतून, उन्हाळ्यात हिमाचलातून. अर्केल हे त्याचं जुनं ओळखीचं वाण. ही भाजी झाली. तिचा भाव आवकेवर सकाळी एक, दुपारी एक.

दुसरा मालवणी माणसाचा काळा वाटाणा. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबार हे तिकडचं सणावाराचं जेवण.

तिसरा आजच्या लेखातला. दाणा बाजारात त्याला पांढरा किंवा सफेद वाटाणा म्हणतात, सरकारी कागदावर तो पिवळा वाटाणा असतो. माल एकच. रगडा, उसळपाव, चाटच्या गाड्या याच्यावर चालतात. तो भरडला की डाळ होते, दळला की बेसनासारखं पीठ होतं. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

पाहुणा तसा जुना आहे

वाटाणा परदेशी म्हणून आपण बोटं मोडतो, पण पीक म्हणून तो इथला जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथं वस्ती करणारे शेतकरी होते. त्यांच्या घरात जळून कोळसा झालेले दाणे सापडले. त्यात जव, गहू, मसूर, लाख, कुळीथ यांच्या जोडीला वाटाणाही होता. म्हणजे आपल्या पूर्वजांनी तो पेरला, खाल्ला.

मग मागं का पडला? वाटाण्याला थंडी लागते. फुलोऱ्यात पारा तिशीच्या वर गेला की फूल गळतं, शेंग भरत नाही. आपल्याकडं फेब्रुवारीतच ऊन तापतं. दाण्याच्या वाटाण्यासाठी उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश बरा. महाराष्ट्रानं तूर, हरभरा, मूग, उडीद धरले. कोकणानं वाल धरला. हे शहाणपणाचंच होतं.

ताटातली डाळ कशी मोजतात

आता थोडा हिशोब. देशात दर माणशी किती डाळ मिळते हे सरकार दरवर्षी काढतं. पद्धत सोपी आहे. देशात पिकलं किती, त्यातून बियाणं, जनावराचा चारा-खाद्य आणि नासाडी यासाठी साडेबारा टक्के वजा. त्यात आयात मिळवा, निर्यात काढा, गोदामात घातलेलं किंवा बाहेर काढलेलं धरा. उरेल त्याला लोकसंख्येनं भागा. जगातले बरेच देश साधारण अशाच धर्तीवर हिशोब मांडतात.

आपल्या देशाचे आकडे बघा. १९५१ साली माणशी दिवसाला सुमारे ६१ ग्रॅम कडधान्य मिळत होतं. १९६१ ला ६९ ग्रॅम. १९७१ ला ५१. १९८१ ला साडेसदतीस. २००१ ला तर ३० ग्रॅम. पन्नास वर्षांत ताटातली डाळ निम्मी झाली.

कारण आपल्याला ठाऊक आहे. हरित क्रांतीत पाणी, खत, वाण आणि खरेदीची हमी गव्हाला आणि भाताला मिळाली. चांगली ओलिताची जमीन त्यांनी घेतली. कडधान्य गेलं माळावर, मुरमाड रानात, पावसाच्या भरवशावर. पीक जागच्या जागी राहिलं आणि खाणारी तोंडं वाढत गेली. ही खाच कुठून तरी भरायची होती. ती भरायला जो माल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त मिळत होता, तो वाटाणा.

तो आला कुठून

कॅनडातून. पण कॅनडाही काही जुना वाटाणेवाला नाही. तिकडच्या सस्कॅचेवान प्रांतात लोक गहू एके गहू करायचे. १९६० च्या दशकाच्या शेवटी गव्हाचे ढीग लागले, गिऱ्हाईक मिळेना. १९७० साली तिथल्या सरकारनं गहू कमी पेरावा म्हणून शेतकऱ्याला पैसे दिले. पुढच्याच वर्षी, १९७१ ला, सस्कॅटून शहरातल्या विद्यापीठात नवी पिकं शोधायला खास केंद्र उघडलं. मसूर आणि वाटाणा तिथं रुजला. तिकडची हवा थंड, जमीन सलग, यंत्रानं काढणी. वाटाणा मुळावरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो, म्हणून गव्हाला बेवडही चांगला. सगळं जुळलं.

त्यांच्यापुढं प्रश्न एकच होता, एवढं खाणार कोण? खाणारा देश मिळाला, तो आपला. अलीकडं रशियाही याच धंद्यात उतरलाय.

इथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गव्हाचा भाव पडला तेव्हा त्यांनी शेतकऱ्याला नुसतं 'दुसरं पीक घ्या' असं सांगितलं नाही. वाण दिलं, संशोधन दिलं, बाजार शोधून दिला. आपल्याला मात्र पीक बदलाचा सल्ला मिळतो, बाकीचं आपण बघायचं.

आपल्याच रानातून आत येतो

आता आमच्या भागाकडं या. पनवेल, उरण, ठाणे बेलापूरचा हा सगळा पट्टा आगरी-कोळ्यांचा आणि भातशेतीचा. खाजणात मिठागरं आणि खारं भात, वरच्या शेतात गोडं भात. भात कापला की त्याच ओलीवर वाल. पाणी द्यायचं नाही, खत घालायचं नाही. अंगओलितावर आणि दवावर येणारं हे पीक. आमच्या घरची डाळ म्हणजे वाल. त्याचं बिरडं, त्याच्या डाळिंब्या, आणि थंडीत शेंगांची पोपटी.

१७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झालं. दास्तान फाटा आणि परिसरात गोळीबार झाला, आमची पाच माणसं हुतात्मा झाली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे, पुन्हा उगाळत नाही.

पण त्याच जमिनीवर पुढं काय उभं राहिलं ते बघा. न्हावा आणि शेवा ही आधी गावांची नावं. २६ मे १९८९ ला तिथं बंदर सुरू झालं. आज देशातल्या मोठ्या कंटेनर बंदरांत त्याचा नंबर लागतो. दुसरीकडं मुंबई बाजार समिती, जी १९७७ ला स्थापन झाली. मशीद बंदरचा दाणा बाजार १९९० च्या दशकात तुर्भ्याला आला. कडधान्याचे कंटेनर न्हावा शेव्याला उतरतात, सुट्या मालाची मोठी जहाजं मुंबई, मुंद्रा, हजिरा अशा बंदरांत रिकामी होतात, आणि त्यातला बराच माल दाणा बाजारात माथाड्याच्या पाठीवरून गोदामात जातो.

म्हणजे ज्या पट्ट्यात वाल पिकत होता, त्याच पट्ट्यातून परमुलखाचा वाटाणा देशात येतो. कुणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. बंदरानं, मार्केटानं आमच्याही घरातल्या पोरांना काम दिलं. पण इतिहासात अशा गोष्टी नोंदवून ठेवाव्यात.

२०१५ ते २०१७ : दोन्हीकडून पूर

२०१४ आणि २०१५ ही दोन वर्षं पावसानं दगा दिला. मराठवाड्यात प्यायला पाणी नव्हतं. देशात कडधान्य पिकलं १६३ लाख टन. तूरडाळ शहरात २०० रुपये किलोवर गेली. छापे पडले, साठे जप्त झाले. २०१६ साली मोझांबिकशी तूर आणण्याचा करार झाला. शेतकऱ्याला सांगितलं, डाळ पिकवा. तुरीला बोनससकट ५,०५० रुपये हमीभाव जाहीर झाला.

शेतकऱ्यानं ऐकलं. पाऊसही बरा झाला. २०१६-१७ ला कडधान्याचं उत्पादन एकदम २३१ लाख टनांवर गेलं. तूर २५-२६ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या वर गेली, जवळजवळ दुप्पट. महाराष्ट्रात तर तुरीचे डोंगर उभे राहिले.

आणि नेमकं त्याच वर्षी परदेशातून ६६ लाख टन कडधान्य आलं. त्यातला जवळपास निम्मा माल पिवळा वाटाणा. कर शून्य.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. खरेदी केंद्रापुढं ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून थांबलेलं वजन, उन्हात पडलेली पोती. खुल्या बाजारात तूर चार हजारांच्या खाली. ज्यानं देशाचं ऐकून तूर पेरली, त्याच्या हातावर वाटाण्याच्या अक्षता ठेवल्या. ही म्हण आपल्याकडं जुनीच आहे, पण त्या साली तिचा अर्थ शब्दशः खरा झाला.

नळ बंद, नळ चालू

तारखा ओळीनं लिहितो. वहीत उतरवून ठेवा.

नोव्हेंबर २०१७ : वाटाण्यावर ५० टक्के आयात कर.
एप्रिल २०१८ : कराच्या जोडीला किती माल आणायचा याचीही मर्यादा.
२०१९-२० : वर्षाला फक्त दीड लाख टन. डिसेंबर २०१९ मध्ये किलोला २०० रुपये किमान आयात किंमत, आणि माल उतरवायचा तर फक्त कोलकाता बंदरात. म्हणजे दार बंदच.
८ डिसेंबर २०२३ : हरभरा आणि एकूणच डाळ महाग होतेय म्हणून पिवळा वाटाणा करमुक्त. सुरुवातीला मार्च २०२४ पर्यंत. मग मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत.
२०२४-२५ : कडधान्याची एकूण आयात सुमारे ७३ लाख टन. २०१६-१७ चाही उच्चांक मोडला. त्यात वाटाणा २० लाख टनांहून जास्त.
१ नोव्हेंबर २०२५ : पुन्हा ३० टक्के कर.

आता हाच हिशोब माणशी करून बघू. २०१६-१७ आणि २०१७-१८ ला वाटाणा ३० लाख टनांच्या आसपास आला. १३२ कोटी लोकांनी भागलं तर माणशी वर्षाला सव्वादोन किलो. दीड लाख टनाच्या मर्यादेत माणशी शंभर ग्रॅमच्या थोडं वर, म्हणजे एका वेळच्या उसळीपुरता. २०२४-२५ ला परत माणशी सुमारे एक किलो चारशे ग्रॅम.

माणसाचं पोट असं वरखाली होतं का? माणूस एक वर्ष सव्वादोन किलो वाटाणा खातो, दोन वर्षांनी सोडून देतो, परत सुरू करतो, असं होत नाही. मग या चढउताराचा अर्थ काय? अर्थ असा की वाटाणा बराचसा वाटाणा म्हणून खाल्लाच जात नाही. तो दुसऱ्या डाळीच्या जागेवर बसतो.

हरभऱ्याच्या जागेवर कसा बसतो

मघाशी ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट इथं लागते. हरभऱ्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे बेसन. भजी, शेव, फरसाण. वाटाण्याचं पीठ दिसायला बेसनासारखं, तळल्यावर फरक कळणं अवघड. हरभरा महाग झाला की गिरणीवाला त्याच्याकडं वळतो. हॉटेलातल्या वरणात तूरडाळीबरोबर वाटाण्याची डाळ जाते. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, बाजार स्वस्त मालाकडं वळतो एवढंच. पण हरभऱ्याची मागणी तेवढी घटते, व्यापाऱ्याची खरेदी ढिली पडते, आणि लातूरच्या, अकोल्याच्या दालमिलचा भाव आपल्या गावच्या बाजारात उतरतो.

२०२५ साली आयात वाटाणा किलोला साधारण ३० ते ३५ रुपयांत पडत होता. त्याच साली तूर हमीभावाच्या खाली विकली गेली. २०२४-२५ चा तुरीचा हमीभाव होता ७,५५० रुपये.

आता नवा ३० टक्के कर धरू. ३३ रुपयांचा वाटाणा करासकट ४३ रुपयांना पडतो. हरभऱ्याचा रब्बी २०२६-२७ चा हमीभाव ५,८७५, म्हणजे किलोला ५८ रुपये ७५ पैसे. कर लावूनही पंधरा रुपयांचं अंतर राहतं. कर लागला, आता भाव वाढणार, या आशेवर हरभरा घरात ठेवून बसणाऱ्यांनी हे गणित आधी मांडावं.

शहराची बाजूही खरी आहे

इथं एकतर्फी बोलणं बरोबर नाही. वाटाण्यात प्रथिनं भरपूर, वीस-बावीस टक्क्यांच्या घरात. तुर्भ्याच्या झोपडपट्टीत राहणारा, नाक्यावर काम शोधणारा माणूस २०० रुपयांची डाळ घेऊ शकत नाही. त्यातले बरेच आपल्याच जिल्ह्यांतून, आपल्यासारख्याच घरांतून गेलेले. त्याची उसळ स्वस्त राहावी असं मलाही वाटतं. २००१ चा ३० ग्रॅमचा आकडा परत यावा असं कुणी म्हणणार नाही. पिकलं आणि आलं, दोन्ही मिळून तो आकडा पुढं ५० च्या वर गेला, हे आयातीचंही श्रेय आहे.

म्हणून आयात बंदच करा असं माझं म्हणणं नाही. म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, कर असा असावा की आलेला वाटाणा हरभऱ्याच्या हमीभावाखाली विकलाच जाऊ नये. दुष्काळात तो कर कमी करा, सुगीत वाढवा. दोन, निर्णय पेरणीच्या आधी सांगा. मुदतवाढ फेब्रुवारी-मार्चमध्येही, हरभरा खळ्यावर असताना, जाहीर झाली आहे. तेव्हा शेतकऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. जूनला आणि ऑक्टोबरला कळलं तर तो पेरणीच वेगळी करेल.

१ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रानं कडधान्य स्वावलंबनाचं अभियान मंजूर केलं. ११,४४० कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टनांचं लक्ष्य, तूर, उडीद आणि मसुरावर भर. चांगलं आहे. पण २०१६ लाही आपण भरपूर पिकवून दाखवलं होतं. पिकवणं आपल्याला जमतं. पिकल्यावर दार कोण उघडतं, प्रश्न तिथं आहे.

आपल्या हातात काय

१. पावसाचा अंदाज बघता तसा आयातीच्या मुदतीचाही अंदाज ठेवा. मुदत कोणत्या तारखेला संपते, कर किती, ही माहिती बातम्यांत येते. काढणीच्या महिनाभर आधी एकदा बघाच.

२. हमीभावाच्या खरेदीसाठी नोंदणी सुरू होताच करा. भाव पडल्यावर गर्दी होते, तेव्हा नंबर लागत नाही.

३. सगळा माल एका दिवशी विकू नका. गटानं तारणावर गोदामात ठेवता आला तर बघा. पण कर्जाचं व्याज आणि वर दिलेलं गणित दोन्ही मांडून.

४. ज्या कडधान्याच्या जागी वाटाणा बसू शकत नाही, ते थोडं तरी पेरा. आमच्या भागात तो वाल आहे. बिरड्यात पांढरा वाटाणा घालून कुणी खाणार नाही. पोपटी वाटाण्याची होत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण वाल' ही वाणं काढली आहेत. सोललेल्या डाळिंब्यांना पनवेल, वाशी, ठाण्यात गिऱ्हाईक आहे आणि ते भाव करत बसत नाही. देशावर हेच काम मटकी आणि हुलगा करतील. कमी रानात का होईना.

इनामगावचा शेतकरी साडेतीन हजार वर्षांपूर्वी पाच-सहा तऱ्हेची कडधान्यं घरात ठेवून होता. एक गेलं तरी दुसरं राहायचं. आपण तूर आणि हरभरा या दोनच घोड्यांवर बसलोय, आणि त्या दोघांचा लगाम बंदरात आहे.

तुमच्या भागात २०१७ ला तूर काय भावानं गेली आणि यंदा हरभऱ्याचं रान किती आहे, ते खाली लिहा. गाव आणि तालुका टाका. दहा-वीस गावांचे आकडे जमले तर पुढच्या नोंदीत एकत्र मांडतो.

राम राम.